यादव इथे राहत नाहीत

३ सप्टेंबर २००७

आजपासून कागद. कॉम्प्युटरवर एक अक्षर लिहायचं नाही. पेनाला पासवर्ड लागत नाही आणि वहीच्या कडेला जाहिराती येत नाहीत. ही वही ज्वारीच्या डब्यात राहील. सविताला सांगितलेलं नाही. ती भाकरी फक्त रविवारी करते, तेवढा एक दिवस वही गादीखाली.

४ सप्टेंबर

कारण नोंदवून ठेवतो. जुलैत पेपरात माझं पत्र छापून आलं. फुकट ई-मेल देणारी कंपनी आपलं पत्र आधी स्वतः वाचते, मग पोचवते, आणि सरकार मागे उभं राहून तिच्या खांद्यावरून वाचतं, असं मी कोणाची भीडभाड न ठेवता लिहिलं होतं. संपादकांनी कापून चार ओळी ठेवल्या. नाव मात्र अख्खं छापलं: सुनील यादव, इंदिरानगर, नाशिक.

तेव्हापासून काहीतरी बदललंय. दाखवता येत नाही, पण जाणवतं. जिन्यावर चढणारी पावलं आमच्या मजल्यावर येऊन थांबतात. पेपरवाला माझ्याकडे बघून हसतो. सविता म्हणाली, तुम्ही बनियन उलटा घालून दारात जाता म्हणून हसतो. नवरा धोक्यात आहे आणि हिला बनियनचं पडलंय. रोज पहाटे प्राणायाम करायचा, म्हणजे मन खंबीर राहील.

९ सप्टेंबर

प्राणायाम उद्यापासून.

आज प्रयोग केला. स्वतःच स्वतःला इंग्रजीत मेल पाठवला की मला एक हत्ती विकत घ्यायचा आहे. मेल उघडला तर शेजारी जाहिरात: केरळ टूर, हत्तीवरून सफर. म्हणजे वाचतात! अक्षरन् अक्षर वाचतात! सविताला सांगितलं. ती म्हणाली, मग जाऊ या ना केरळला, लग्नापासून म्हणताय.

प्रयोग ओवेसच्या सायबर कॅफेत केला. ओवेस म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या निजामभाईंचा मुलगा. तिथे रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागतं. मी दरवेळी वेगळं लिहितो. आज आमच्या वॉचमनचं लिहिलं. ओवेस कळवळून म्हणाला, काका, पोलीस येऊन रजिस्टर बघतात, खरं नाव लिहा, नाहीतर मला त्रास होतो. पोरगा फार साधा आहे.

१२ सप्टेंबर

आनंदाची बातमी! आमच्या संध्याला तिची कंपनी वर्षभरासाठी जर्मनीला पाठवतेय. पासपोर्ट डिसेंबरच्या आत हातात हवा, नाहीतर तिच्या जागी दुसरी जाईल. पोरगी स्वयंपाकघरात नाचली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते कांद्यामुळे असं मी सांगितलं. आमच्या घरात विमानात बसणारी ही पहिलीच.

फॉर्म मात्र भयंकर. शरीरावरची खूण विचारतात. माझ्या मुलीच्या हनुवटीवरच्या तिळाशी सरकारला काय करायचंय? संध्याने गुपचूप लिहून टाकलं. मग मला म्हणाली, बाबा, पत्ता तपासायला पोलीस घरी येतील, शेजाऱ्यांना विचारतील. प्लीज त्यांच्याशी नीट बोला. मी म्हटलं, अंबडच्या कारखान्यात मी टाइम ऑफिस सांभाळलंय. कोण गेटवर किती वाजता आला, कोण संडासात किती वेळ बसला, सगळं माझ्या नजरेखालून जायचं. तपासणी म्हणजे काय ते मला नको शिकवू. (ती शिस्त होती. तिची आणि या हेरगिरीची तुलना होऊ शकत नाही.)

२० सप्टेंबर

दारावरची पाटी काढली. मतदार यादीतून नाव कमी करण्याचा अर्जही दिला. कारकून म्हणाला, लोक नाव घालायला रांग लावतात, तुम्ही काढायला आलात? मोघम हसलो. जितकं नाव कमी तितका माणूस सुरक्षित, हे त्याला कसं कळणार.

२९ सप्टेंबर

संध्या ट्रेनिंगला पुण्याला गेली. सविता सकाळी शाळेत शिकवायला जाते, ती दुपार टळल्यावर येते. मी घरात एकटा.

लोडशेडिंग सुरू झालं की फ्रिजची घरघर थांबते आणि मग घरातले बाकीचे आवाज ऐकू येतात. पंख्याचं पातं थांबता थांबता करतं तो. बाथरूममधल्या नळाचा. भिंतीपलीकडे कोणीतरी खुर्ची ओढतं तो, आणि भिंतीपलीकडे तर कोणी राहतच नाही, फ्लॅट रिकामा आहे. कॉम्प्युटर बंद असला तरी त्याच्या काचेत मी दिसतो. आज मी हललो आणि काचेतला थोडा उशिरा हलला असं वाटलं. त्याच्यावर चादर टाकली. आता चादरीखाली कोणीतरी बसल्यासारखं दिसतं.

भीती वाटते. दुसऱ्या कोणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहितो.

५ ऑक्टोबर

अखेर झालं. फोन वाजला. अनोळखी पुरुषी आवाज. यादवांचं घर का? मी शांतपणे सांगितलं, नाही, भोसल्यांचं. थोड्या वेळाने पुन्हा तोच. इंदिरानगरातले यादव ना? मी म्हटलं, भोसले, भोसले! आणि ठेवला. पाणी प्यालो.

फोनच काढून टाकतो. मोबाइल आम्ही घेतलेलाच नाही. खिशात सरकार घालून कोण फिरणार?

८ ऑक्टोबर

फोन गेला. सविता भडकली. तिच्या आईचं माहेर सटाण्याकडचं, संतापली की तिकडची अहिराणी बोली येते. हाऊ काय येडा शे का, असं भिंतीला म्हणाली. मग निजामभाईंकडे जाऊन संध्याला त्यांचा नंबर कळवून आली. म्हणजे आता आमच्या घरचं बोलणं दुसऱ्याच्या लाईनवर. एका अर्थी बरंच, माग लागणार नाही.

११ ऑक्टोबर

ओवेसला चौकीत बोलावलं होतं. रजिस्टर घेऊन. दुपारभर बसवून ठेवलं. रजिस्टरात नावं आणि अक्षर जुळत नाही म्हणे. याच्याआधीही एकदा बोलावलं होतं.

मला नवल वाटलं. पत्र मी लिहिलं, हत्ती मी मागितला, आणि बोलावणं ओवेसला? विचार केल्यावर उलगडा झाला. किरकोळ माणसांना चौकीत बोलावतात, मोठ्या प्रकरणात नुसती पाळत ठेवतात. ओवेसची आई हुस्नबानोभाभी सविताला म्हणाल्या की बेल वाजली की त्या आधी ओवेसला हाक मारतात, तो घरातच आहे ना बघतात, मगच दार उघडतात. उत्तम पद्धत आहे. मीही सुरू करणार. फक्त घरात हाक मारायला कोणी नाही.

१६ ऑक्टोबर

तो आला. चहाच्या टपरीवर बाइक लावून उभा होता. चेक्सचा शर्ट, काखेत रेक्झिनची बॅग. कागद बघायचा, बिल्डिंगकडे बघायचा. पडद्याच्या फटीतून मी त्याला बघत होतो आणि त्याने मान वर केली! थेट! मी खाली बसलो, गुडघ्यातून कळ आली.

पासपोर्टचा पोलीस तर नसेल, असं क्षणभर वाटलं. नीट विचार केला. पासपोर्टचा असता तर युनिफॉर्ममध्ये आला असता. चोरून काम करणारा माणूसच साध्या कपड्यांत फिरतो. शंकेला जागाच नाही.

१७ ऑक्टोबर

बंदोबस्त केला. वॉचमन चिमाजीला बोलावून समजावलं की यादवांची चौकशी झाली तर काय सांगायचं. चिमाजी पेठकडचा, शब्दाला पक्का. म्हणाला, साहेब, घोर नका करू, तुम्ही हितं राहतच नाय. खालच्या मजल्यावरच्या कमळाबाईंनाही पढवलं. त्या आधीच घाबरट, त्यांनी देवाची शपथ घेतली.

निजामभाई मात्र अडले. अंबडला टूलरूममध्ये होते तेव्हापासून ओळख, पण सरळ नाही म्हणाले. म्हणाले, यादवसाहेब, पोलिसाशी खोटं बोलायची चैन तुम्हाला परवडते, आम्हाला नाही. शिवाय तो मुलीच्या पासपोर्टचा माणूस असेल, जरा विचारून तर बघा. मी त्यांना युनिफॉर्मचा मुद्दा समजावला. त्यांनी मला चहा विचारला. भोळा माणूस.

१९ ऑक्टोबर

बेल वाजली. आयहोलमधून चेक्स दिसले. साखळी न काढता बोटभर दार उघडलं.

संध्या यादव इथेच राहतात का, असं विचारलं. पाहा, किती सराईत! बापाला पकडायचं तर मुलीचं नाव घ्यायचं. मी आवाज हलू दिला नाही. सांगितलं, यादव गेले. जळगावला. सहकुटुंब. मी भाडेकरू. तो म्हणाला, नक्की ना? खालीही तसंच म्हणाले. मी म्हटलं, नक्की. संध्या नावाचं इथे कोणी नाही.

त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. हार चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. बाइकचा आवाज कोपऱ्यावर विरेपर्यंत मी दाराला पाठ लावून उभा होतो. जिंकलो! एका सामान्य नागरिकाने अख्ख्या यंत्रणेला परत पाठवलं.

संध्या नावाचं इथे कोणी नाही, हे वाक्य मात्र दिवसभर कानात घोळतंय. तिच्या खोलीत जाऊन आलो. खुर्चीवर तिची ओढणी तशीच होती.

२० ऑक्टोबर

निजामभाई येऊन गेले. तो माणूस काल त्यांच्याकडेही गेला होता. त्यांनी त्याला सांगितलं की यादव इथेच राहतात, मी लिहून देतो, साक्षीदार म्हणून सही करतो. त्याने निजामभाईंचं नाव विचारलं, ऐकलं, आणि म्हणाला, राहू द्या, दुसरं कोणी शेजारी असेल तर बघतो. मग गेला खाली कमळाबाईंकडे.

हे सांगताना निजामभाई हसत होते, पण हसू बरं वाटलं नाही. म्हणाले, पोरीला फोन करून कळवा, अजून वेळ आहे. मी म्हटलं, बघतो. अशा गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात.

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

संध्या आली. घर पुन्हा घरासारखं झालं. आकाशकंदील लावू नये असं माझं मत होतं, उगाच लांबून घर ओळखू येतं. सविताने स्टुलावर चढून स्वतः लावला.

पासपोर्टचं अजून काहीच नाही म्हणून पोरगी काळजीत आहे. विचारत होती, बाबा, कोणी आलं होतं का? मी म्हटलं, तुझ्या कामाचं कोणी नाही. खोटं नाही बोललो. सरकारी काम आहे, उशीर व्हायचाच.

करंजी अर्धीच खाल्ली. तेल खवट असावं.

३ डिसेंबर

पत्र आलं. पोलीस अहवाल प्रतिकूल. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, शेजारी ओळखत नाहीत, फाइल बंद.

संध्या पुण्याहून बसने आली. दारात उभी राहूनच विचारलं, साध्या कपड्यांतला माणूस आला होता का? मी युनिफॉर्मचा मुद्दा काढला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, बाबा, तो माझ्यासाठी आला होता. सगळे फोन माझ्यासाठी होते. तुमच्यासाठी कोणीच आलं नव्हतं. सविता पदर तोंडाला लावून आत गेली.

मी म्हटलं, असं तुला वाटतं. पण माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

६ डिसेंबर

सगळं निस्तरायचं ठरवून चौकीत गेलो. टेबलावर तोच. आजही चेक्स. मी म्हटलं, मीच सुनील यादव, संध्या माझी मुलगी, आम्ही त्याच पत्त्यावर राहतो. तो म्हणाला, काका, यादव जळगावला गेले हे तुम्हीच सांगितलंत ना? मी म्हटलं, त्या दिवशी सुरक्षेच्या कारणास्तव मी यादव नव्हतो.

पुरावा द्या म्हणाला. फोनचं बिल? फोन काढून टाकलाय. मतदार यादी? नाव कमी केलंय. सरकारने जन्मात माझं एकच काम वेळेवर केलं, ते हेच. लाइटचं बिल अजून बिल्डरच्या नावावर. संध्याचा कॉलेजचा दाखला दाखवला. तो म्हणाला, मुलगी आहे हे दिसतंय हो, पण अहवाल गेला वर. आता नव्याने अर्ज.

मग हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, माझी फाइल कोण बघतं? कसली फाइल? म्हटलं, पेपरातल्या पत्राची. ई-मेलच्या विरोधातल्या. त्याने शेजारच्याला विचारलं, पेपरात काय पत्र आलं होतं का रे? शेजारचा म्हणाला, कोणता पेपर? चेक्सवाल्याने उठून मला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि विचारलं, काका, घरी कोण असतं तुमच्या? सोबत कोणाला पाठवू का?

रिक्षाने घरी निघालो. सिग्नलपाशी लक्षात आलं की माझी फाइल इतक्या वर असणार की साध्या चौकीला तिचा पत्ताही नसेल. तरी घर येईपर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही.

१४ डिसेंबर

संध्याच्या जागी दुसरी मुलगी निघाली जर्मनीला. संध्या तिला स्टेशनवर सोडून आली, स्वेटर आणि मोजे तिचेच दिले म्हणे, घेऊन ठेवलेले. आल्यावर मी विचारलं, जेवलीस का? तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

पाटी पुन्हा लावली. चिमाजीला सांगितलं की आता आम्ही इथे राहतो. त्याने मान डोलावली, पण विचारलं, साहेब, कवापासून?

१८ जानेवारी २००८

संध्या पुण्याला राहायला गेली. तिथल्या दोन मुलींबरोबर खोली घेतली. बॅग भरताना मी मदत करायला गेलो, तर म्हणाली, राहू द्या. तिच्या खोलीत आता लाइट असली तरी अंधार वाटतो. मी दिवसातून एकदा जाऊन खिडकी उघडतो, बंद करतो.

नवा संकल्प: हे सगळं पुस्तकरूपात मांडणार. देशातलं या विषयावरचं पहिलं पुस्तक ठरेल.

२५ फेब्रुवारी

पुस्तकाचं नाव सुचत नाहीये.

ओवेसने कॅफे बंद केलं. मेन रोडला मोबाइलच्या दुकानात कामाला लागला. निजामभाई म्हणाले, रोज कोणाकोणाच्या अक्षराचे जबाब देणार? हुस्नबानोभाभी मात्र अजून बेल वाजली की त्याला हाक मारतात. आमच्या हॉलमध्ये ऐकू येतं. माझ्या दारात मात्र डिसेंबरपासून कोणी आलेलं नाही. पावलं तिसऱ्या मजल्यावर थांबत नाहीत, सरळ वर जातात. मी आयहोलला डोळा लावून उभा असतो. चेक्सचा शर्ट दिसला तर या वेळी साखळी काढून आत घेणार, चहा देणार, बसवून सगळं सांगणार, अगदी हनुवटीवरच्या तिळासकट.

१७ मार्च

संध्याला पासपोर्ट मिळाला. पुण्याच्या पत्त्यावर. पोलीस आला, खोलीतल्या मुलींनी सह्या केल्या, पाच मिनिटांत गेला म्हणे. साध्या कपड्यांतच होता. हे सविताने सांगितलं. म्हणजे तसं पाहिलं तर कोणाचं काही नुकसान झालं नाही. थोडा उशीर झाला इतकंच. जर्मनी काय कुठे पळून जात नाही. सविताला हे सांगितलं तर ती उठून गॅलरीत गेली.

६ एप्रिल, पाडवा

संध्या आली नाही. सविता गुढीला साखरेची गाठी बांधत होती तेवढ्यात हुस्नबानोभाभींनी दारातून हाक मारली, संध्याचा फोन! सविताच्या आधी मी पोचलो.

बाबा? म्हणाली. एवढ्या दिवसांनी तो आवाज. मला खूप काही बोलायचं होतं, पाठही करून ठेवलं होतं. तोंडून निघालं, हळू बोल, ही लाईन निजामभाईंची आहे, हिच्यावर कोणीतरी नक्की असणार, नावं घेऊ नकोस. पलीकडे तिने दार लावल्याचा आवाज आला. मला वाटलं, पटलं तिला. मग म्हणाली, बाबा, तुमचं कोणी ऐकत नाही. कधीच कोणी ऐकत नव्हतं. एकटी मी ऐकत होते लहानपणापासून. आता मी पण नाही ऐकत. आईला द्या फोन.

द्यायच्या आधी रिसीव्हर क्षणभर कानाला तसाच दाबून धरला. लाईनवर तिसरं कोणी नव्हतं. सविताच्या हातात दिला. निजामभाई पेपर वाचत होते, त्यांनी तो तोंडासमोर आणखी वर धरला.

घरी आलो. साखळी काढली, दार सताड उघडं टाकलं आणि समोर खुर्ची घेऊन बसलो. संध्याकाळ झाली. कोणी आलं नाही.